दाढीचं क्रीम किती? आधी पाण्याचं बघा

सलूनमधला कारागीर ट्यूब दाबतो तेव्हा जेमतेम हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं क्रीम बाहेर येतं, आणि तेवढ्यात तो गिऱ्हाइकाचा अख्खा चेहरा दोनदा पांढरा करतो. घरी आपण त्याच कामाला इंच-दीड इंचाची पट्टी काढतो. हात टूथपेस्टला सरावलेला, दुसरं काय! एवढं करूनही फेस थोडाच होतो, अर्ध्या दाढीत गालावर सुकतो, आणि पुढच्या वेळी पट्टी आणखी लांबते.

गडबड क्रीमची नसते, पाण्याची असते. दाढीचे राठ केस मऊ होतात ते पाण्यामुळे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांशी बऱ्याच बंधांनी जखडलेले असतात. त्यातले गंधकाचे बंध भक्कम, ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र पाणी आत शिरलं की सुटू लागतात. नीट भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी धरून ठेवतो, जाडीला १४-१५ टक्के फुगतो आणि तो कापायला जोर बराच कमी लागतो. पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट असेल तर त्याहून कमी. अडचण अशी की केसांवर तेलकट थर असतो आणि नुसतं पाणी चेहऱ्यावर थांबतही नाही, ओघळून जातं. म्हणून साबण लागतो. तो तेलकटपणा काढतो, पाणी जागेवर धरून ठेवतो आणि पातं घसरायला मदत करतो. क्रीम हे पाण्याचं वाहन आहे, असं मी म्हणेन. वाहनच भरमसाट घेऊन त्यात पाणी घातलं नाही, तर केस कोरडेच राहतात.

केसांना कमी लेखण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की ब्लेडच्या पोलादापेक्षा केस सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे टवके उडवू शकतो. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धार तिथे सूक्ष्म तुटते. रुपया-दोन रुपयांचं ब्लेड झिजून नव्हे, तर असं तुटून निकामी होतं, ही गोष्ट मला तरी नवी होती.

आता ट्यूबमध्ये काय असतं ते बघू. ब्रशने फेसायच्या क्रीममध्ये साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग साबण आणि तो ज्यांपासून बनतो ती तेला-चरबीतली मेदाम्लं, उरलेलं मुख्यतः पाणी आणि ग्लिसरीन. साबण बहुतांशी पोटॅशियमचा. अंगाच्या वडीतला साबण सोडियमचा, म्हणून वडी टणक. पोटॅशियमचा साबण मऊ राहतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. मेदाम्लांमध्येही कामाची वाटणी असते. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, त्याची साखळी १२ कार्बनची. त्याचा साबण झटपट फेसतो, पण बुडबुडे मोठे आणि अल्पजीवी. स्टिअरिक आम्लाची साखळी १८ कार्बनची. त्याचा फेस उशिरा येतो, पण दाट असतो आणि टिकतो. क्रीम बनवणारे थोडं स्टिअरिक आम्ल मुद्दाम साबण न होऊ देता तसंच ठेवतात. क्रीमवर मोत्यासारखी चमक दिसते ती त्याच्याच स्फटिकांची. ग्लिसरीन पाण्याला उडून जाऊ देत नाही.

फेस हा नाशवंत पदार्थ. बुडबुड्यांमधलं पाणी गुरुत्वाने खाली झिरपत राहतं, पडदे पातळ होतात आणि फुटतात. बुडबुड्यांचे पडदे तीन-तीनच्या गटाने १२० अंशांत एकत्र येतात, हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलं. ते तेव्हा पूर्ण आंधळे होते. प्रयोग त्यांचे, बघणारे डोळे घरच्यांचे आणि सहकाऱ्यांचे. जिथे हे पडदे भेटतात तिथल्या बारीक पन्हळीतूनच फेसातलं पाणी वाहतं. दुसरी भानगड दाबाची. लहान बुडबुड्यात हवेचा दाब जास्त, मोठ्यात कमी. त्यामुळे लहानातली हवा पडद्यातून झिरपून मोठ्यात जाते. लहान संपतात, मोठे माजतात. दाढी अर्ध्यावर टाकून फोनवर बोलत बसलं की गालावरचा फेस जाडाभरडा दिसू लागतो, तो यामुळे. हे सगळं मोजायला १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजारात मिळणारा डब्यातला शेव्हिंग फोमच वापरला होता, आणि तो पुढे फेसाच्या भौतिकशास्त्रातला नेहमीचा नमुना झाला. त्या फोममध्ये सुमारे ९२ टक्के वायू असतो. जाहिरातीतला गालावरचा ढीग म्हणजे बहुतेक हवाच.

तेव्हा ढीग बघून हुरळायचं कारण नाही. चांगला फेस उंच नसतो. त्यातले बुडबुडे डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, पृष्ठभाग चमकतो आणि घुसळलेल्या दह्यासारखा तो बोटावर ओथंबून राहतो, गळत नाही. क्रीम जास्त आणि पाणी कमी असलं की मळकट पांढरा, निस्तेज लेप होतो. त्यात हवा शिरत नाही, केसांना पाणी मिळत नाही आणि दोन पात्यांचा रेझर असेल तर फट लगेच बुजते. शिवाय साबण अल्कधर्मी, त्याचा सामू (पीएच) ९ ते १०, तर त्वचेचा ५च्या आसपास. जास्तीचा लेप त्वचेला ओढल्यासारखं करतो. उलट क्रीम फारच कमी पडलं तर पडद्यांना पुरेसे साबणाचे रेणू मिळत नाहीत. मोठे, काचेसारखे बुडबुडे येतात आणि हात उचलेपर्यंत बसतात. पण घरोघरी दिसतो तो पहिला प्रकार.

हिशेबाला एक ग्रॅम धरा, म्हणजे लहान बदामाएवढं. ७० ग्रॅमची ट्यूब ७० दाढ्यांना पुरायला हवी. आधी तोंड कोमट पाण्याने धुवून ओलंच ठेवायचं, पुसायचं नाही. ब्रश मगात मिनिटभर बुडवून दोनदा झटकायचा. टपटप गळणं थांबलं की झालं. क्रीम ब्रशच्या मधोमध घ्यायचं, म्हणजे ते कडेने सांडत नाही. गालावर गोल फिरवायला लागलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात चिकट लेपच दिसतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ट्यूब पुन्हा दाबली जाते. ट्यूबला हात लावू नये. ब्रशची फक्त टोकं पाण्याला टेकवावीत, पुन्हा फिरवावं, गरज वाटली तर आणखी एकदा टेकवावीत. तिसऱ्या खेपेपर्यंत लेपाला चमक येते. दरम्यान दोन मिनिटं सरलेली असतात, म्हणजे केस मुरायला हवा होता तो वेळही मिळाला. उलटा हात मारण्यासाठी लागणारा फेस ब्रशच्या पोटात शिल्लक असतो. क्रीम नव्याने घ्यावं लागत नाही.

ब्रश कुठला यावरही थोडं अवलंबून आहे. डुकराच्या केसांचा ब्रश म्हणजे शेवटी केराटिनच, तोही पाणी पिऊन मऊ पडतो. त्याला आधी भिजू दिलं नाही तर फेसासाठी दिलेलं पाणी तोच शोषून घेतो. नायलॉनचे तंतू जवळपास काहीच पीत नाहीत, त्यामुळे तो जास्त झटकावा लागतो.

राहिला बोअरच्या पाण्याचा प्रश्न. 'आमच्याकडे जड पाणी आहे, क्रीम जास्तच लागतं,' हे नेहमी ऐकू येतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अनेकदा भरपूर असतं, आणि साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारी साय तयार होते, हे खरं. पण किती? पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. मधला ३०० धरू. फेसात दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर पाणी गेलं तर त्यात ३ मिलिग्रॅम क्षार येतात, आणि ते खातात साधारण २० मिलिग्रॅम साबण. ग्रॅमभर क्रीममध्ये तीन-चारशे मिलिग्रॅम साबण असतो, त्यापुढे हे किरकोळच. कपडे भिजवायच्या १० लिटरच्या बादलीत हेच पाणी १८ ग्रॅमच्या आसपास साबण गिळतं. जड पाण्याची बदनामी झाली ती तिथे. दाढीत ते त्रास देतं ते दुसऱ्या तऱ्हेने. तयार झालेली साय थोडी असली तरी फेस मोडते, आणि तोंड धुताना भरपूर पाणी लागतं तेव्हा ती त्वचेला चिकटून बसते. त्यावर क्रीम वाढवणं हा उपाय नव्हे. वाटीभर पिण्याचं पाणी कोमट करून ब्रश त्यात भिजवावा आणि शेवटचा हबका त्याच पाण्यातून मागे ठेवलेल्या चार घोटांचा मारावा, एवढ्याने भागतं.