महापालिकेची कामं आणि ठेकेदार

शहरातले रस्ते, पूल, गटारं, पाण्याच्या लाइनी, नालेसफाई ही कामं महापालिका बहुतेक वेळा स्वतः करत नाही, टेंडर काढून ठेकेदाराकडून करून घेते, आणि त्यासाठी नियम, कागद आणि माणसांची जी लांबलचक साखळी लागते तिच्याबद्दलची ही नोंद. उदाहरणं महाराष्ट्रातलीच घेतलीत, त्यात मुंबई जास्त, कारण तिथला पैसा मोठा आणि त्यामुळे भानगडीही मोठ्या.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्याने चालतात. दोन्हीचा गाभा एकच, करार आयुक्तांनी करायचा पण ठराविक रकमेच्या वर गेला की स्थायी समितीची मंजुरी लागते. मुंबईत ही समिती २७ जणांची, इतर महापालिकांत १६ जणांची, आणि पेपरवाले तिला तिजोरीच्या चाव्या म्हणतात ते काही उगाच नाही, नगरसेवकांत सगळ्यात जास्त रस्सीखेच याच समितीवर जाण्यासाठी असते. अधिकार असे वाटून ठेवण्यामागे जुना अनुभव आहे. १८६५ मध्ये मुंबईत आर्थर क्रॉफर्डला म्युनिसिपल कमिशनर केलं तेव्हा खर्चाची सूत्रं बरीचशी त्याच्या एकट्याच्या हातात होती, त्याने धडाक्यात कामं काढली, शहर सुधारलं पण तिजोरी रिकामी झाली, करदाते चिडले आणि १८७१ मध्ये त्याला जावं लागलं. १८७२ च्या कायद्यात मग लोकांनी निवडून दिलेले सदस्य आले. आता गंमत बघा, मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही, आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव आणणारा आणि मंजूर करणारा एकच. हजारो कोटींची रस्त्यांची कामं याच काळात निघाली.

टेंडर निघायच्या आधी

काम सुरू होतं एस्टिमेटपासून. इंजिनिअर जागेवर जाऊन माप घेतो, दरसूचीतले दर लावतो, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, बजेटमध्ये तरतूद. हे कागदावर. प्रत्यक्षात कुठलं काम आधी घ्यायचं हे ठरण्यात नगरसेवकाचा हात असतो, पुण्यात तर बजेटमध्ये त्यांच्या कामांसाठी 'स' यादी नावाचा वेगळा प्रकारच आहे, आणि वर्षाच्या शेवटी वर्गीकरण करून एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे फिरवायची जी धांदल चालते ती बघण्यासारखी असते. चांगले फूटपाथ परत परत उखडले जातात त्यामागे हे एक कारण असतं.

एस्टिमेट चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. जमिनीखाली कुठली लाइन कुठून जाते याचा धड नकाशा बऱ्याच ठिकाणी नसतो, त्यामुळे खोदल्यावर भलतंच काहीतरी सापडतं आणि काम अडतं, मग मुदतवाढ, मग किंमतवाढ.

टेंडर

आता जवळपास सगळं ऑनलाइन आहे, राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर. आधी बंद पाकिटं टाकायला ऑफिसात जावं लागायचं आणि तिथे दाराशीच दुसऱ्या पार्टीची माणसं उभी असायची, तो प्रकार ई-टेंडरने बराच थांबला. पण ठेकेदारांनी आपसात आधीच ठरवून घ्यायचं, ज्याला रिंग म्हणतात, ते कॉम्प्युटर थांबवू शकत नाही, कारण ते फोनवर होतं.

ठेकेदाराने बयाणा रक्कम भरायची, आधी तांत्रिक पाकीट उघडतं, म्हणजे ठेकेदाराची पात्रता बघतात, त्यात पास झालेल्यांचंच दराचं पाकीट उघडतं आणि सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला काम. काही लोक एस्टिमेटपेक्षा २५-३० टक्के खाली दर टाकतात. आता एवढ्या कमीत काम होत असेल तर एस्टिमेट फुगवलेलं होतं, नाहीतर माल कमी पडणार आहे, तिसरी शक्यता फार थोडी. म्हणून ठराविक टक्क्यांच्या खाली दर गेला तर ठेकेदाराकडून जादा अनामत घेतात. उलट दर खूप वर आला तर वाटाघाटी होतात किंवा टेंडरच रद्द होतं, पुण्यात २४ तास पाणी योजनेचं मोठं टेंडर २०१७ मध्ये असंच रद्द करून नव्याने काढावं लागलं होतं.

खरा खेळ अटींमध्ये असतो असं जाणकार सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. अमुक इतकी उलाढाल हवी, असंच काम आधी केलेलं हवं, काँक्रीटचा प्लँट इतक्या किलोमीटरच्या आत हवा. प्रत्येक अटीला कारण देता येतं, पण सगळ्या एकत्र केल्या की कधी कधी दोन-चारच कंपन्या उरतात. मुंबईने ऑगस्ट २०२२ मध्ये जवळपास ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला कडक अटींची टेंडरं काढली, प्रतिसादच नीट आला नाही म्हणून ती रद्द केली, परत काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ६ हजार कोटींची कामं पाच कंपन्यांना मिळाली. छोट्या ठेकेदारांना टाळून मोठ्यांना काम दिलं की दर्जा येईल हा त्यामागचा विचार होता. पण त्यातल्या दक्षिण मुंबईच्या ठेकेदाराने काम सुरूच केलं नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये करार रद्द करून दंड ठोकावा लागला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तिथले रस्ते तसेच राहिले.

टेंडर न काढताही काम देता येतं. १९४९ च्या कायद्यातली ६७-३-क आणि ५-२-२ ही कलमं महापालिकेत शिपायालाही पाठ असतात. पूर आला, लाइन फुटली, भिंत पडली तर टेंडरची वाट बघत बसता येत नाही म्हणून ती सोय आहे. मे महिन्यात आठवण होणारा पावसाळा कुठल्या प्रकारची आपत्ती असतो हा प्रश्न मात्र दरवर्षी पडतो.

साइटवर

वर्क ऑर्डर निघाली की बातमी संपते आणि काम सुरू होतं, आणि माझ्या मते सगळा विषय खरं तर इथून पुढे आहे. ज्या कंपनीने टेंडर घेतलं तिची माणसं साइटवर असतीलच असं नाही, बरंचसं काम पेटी ठेकेदाराकडे, म्हणजे पोटठेकेदाराकडे जातं, त्याच्याकडून मुकादमाकडे, आणि प्रत्येक पायरीवर पैसा थोडा पातळ होत जातो. महापालिकेकडून तिथे असतो एक ज्युनियर इंजिनिअर, त्याच्याकडे अशा बऱ्याच साइट्स, शिवाय निवडणूक ड्युटी, शिवाय तक्रारी. तो माप घेऊन मोजमाप पुस्तकात म्हणजे एमबीत लिहितो, डेप्युटी इंजिनिअर तपासतो आणि त्यावर ठेकेदाराचं चालू बिल निघतं. महापालिकेचा सगळा पैसा या एका वहीतून जातो. रस्त्याखालचे थर एकदा झाकले की वहीत काय लिहिलंय तेवढंच खरं.

माणसं कमी पडतात म्हणून थर्ड पार्टी ऑडिटर नेमायची पद्धत आली. मग २०१६ मध्ये मुंबईत रस्ते घोटाळा बाहेर आला, ३४ रस्त्यांची चौकशी, साधारण ३५२ कोटींची कामं, थरांची जाडी कमी, डेब्रिज नेल्याचे हिशेब जुळेनात. पहिल्या अटका झाल्या त्या या ऑडिट कंपन्यांच्या माणसांच्या. दोन चीफ इंजिनिअर निलंबित झाले, त्यातला एक दक्षता विभागाचा, म्हणजे ज्याने पकडायचं तोच. सहा ठेकेदार काळ्या यादीत गेले. त्यानंतर तीन वर्षांनी १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडून माणसं गेली, त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती लागेल एवढंच त्यात म्हटलं होतं. इथेही ऑडिटरला अटक झाली. तपासणाऱ्याला नेमतो कोण, पैसे देतो कोण आणि त्याची तपासणी करतो कोण, यावर आता आयआयटीसारख्या संस्था नेमायचा उपाय निघालाय, मुंबईत काँक्रीट रस्त्यांच्या पुढच्या टप्प्यात आयआयटी मुंबईला आणलं. तो चांगला आहे पण प्रत्येक गल्लीत प्राध्यापक उभा करता येत नाही.

काम चालू असताना बदलही होतात आणि ते सगळेच वाईट नसतात. कोस्टल रोडला वरळीत समुद्रातल्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं, कोळी बांधव म्हणत होते की भरतीच्या पाण्यात आमच्या बोटी यातून सुखरूप जाणार नाहीत, महापालिका म्हणत होती जातील. बरीच वर्षं भांडून शेवटी एक खांब गाळून अंतर १२० मीटर केलं, खर्च वाढला, वेळ गेला. आधीच विचारलं असतं तर टेंडरमध्येच आलं असतं.

आणि दोन सरकारी खाती एका कामात असली की ठेकेदार बिचारा दोघांच्या मध्ये. अंधेरीच्या गोखले पुलाची गोष्ट सगळ्यांना माहितीये. २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर पडला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद केला, रेल्वेच्या हद्दीत उंचीचे नवे नियम आले म्हणून नवीन पूल वर गेला आणि शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली तेव्हा दोघांच्या मध्ये दीड मीटरच्या आसपास फरक होता, अख्ख्या देशात हसू झालं. नंतर जॅक लावून बर्फीवाला एका बाजूला सुमारे १.४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ०.६५ मीटर उचलून जुलै २०२४ मध्ये जोडला, आणि इंजिनिअरिंग म्हणून ते काम उत्तम झालं हेही सांगायला पाहिजे. गोखलेची दुसरी बाजू मे २०२५ मध्ये सुरू झाली.

ठेकेदाराचाच पैसा

महापालिकेकडे पैसा नसेल तर ठेकेदारानेच घालायचा आणि नंतर वसूल करायचा, म्हणजे बीओटी. याचा सगळ्यात मोठा धडा कोल्हापूरने दिला. शहरातले साधारण ५० किलोमीटर रस्ते आयआरबी या कंपनीने करायचे, मूळ खर्च २२० कोटी, बदल्यात ३० वर्षं टोल आणि टेंबलाईवाडीची जागा. करार झाला तेव्हा फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. नाके उभे राहिले तेव्हा लोकांना कळलं की गावात यायलाच पैसे द्यायचेत. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे अशी वयोवृद्ध मंडळी रस्त्यावर उतरली, ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळले. गटारं अर्धवट, लाइनी न हलवताच वर रस्ता, अशा तक्रारी होत्या म्हणून कामाचं फेरमूल्यांकन झालं, म्हणजे परत तीच एमबीची गोष्ट, पण रस्ता वापरात आल्यावर. २०१५ च्या शेवटी टोल रद्द झाला आणि कंपनीचे पैसे सरकारला भागवावे लागले. कोल्हापूरकर हे आपण जिंकलो म्हणून सांगतात आणि जिंकलेच, फक्त बिल दुसऱ्या खिशातून गेलं.

नागपूरने पाणीपुरवठा २०१२ पासून २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटरकडे चालवायला दिलाय, विश्वराज आणि फ्रान्सची वेओलिया यांची ही कंपनी, पाणीपुरवठा यंत्रणेची मालकी मात्र महापालिकेचीच. त्याआधी धरमपेठेत छोट्या भागात प्रयोग करून बघितला होता, हे कोल्हापूरपेक्षा शहाणपणाचं. तरी बिलं आणि मीटरवरून तिथेही वाद आहेतच.

बिलं आणि जबाबदारी

काम संपलं की दोष दायित्व कालावधी सुरू होतो, म्हणजे तेवढ्या काळात बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. मुंबईच्या नव्या काँक्रीट रस्त्यांना तो १० वर्षांचा आहे आणि बिलाचा काही भाग त्यासाठी मागे ठेवला जातो. कागदावर भक्कम. पण मध्येच कुठली तरी केबल कंपनी परवानगी घेऊन चर खोदते, चर बुजवायचं टेंडर वेगळ्याच ठेकेदाराकडे असतं, आणि मग रस्ता खचला तर मूळ ठेकेदार हात वर करतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. काळी यादी हा शेवटचा उपाय, ती एका महापालिकेपुरती आणि काही वर्षांपुरती असते, शिवाय त्याच माणसाची दुसऱ्या नावाची कंपनी तोवर उभी राहते.

ठेकेदाराची बाजूही आहे. मुंबईकडे ठेवी आहेत, २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, तिथे बिल उशिरा का होईना निघतं. छोट्या महापालिकांचं तसं नाही. आधी जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, आता जीएसटीच्या बदल्यात सरकारकडून जे महिन्याला येतं त्यातून आधी पगार, पेन्शन, वीजबिल, आणि उरलं तर ठेकेदार. त्यामुळे मार्च एंडला अकाउंट खात्याबाहेर फायली घेऊन रांगा लागतात. बिल कधी मिळेल याची खात्री नसलेला ठेकेदार दर टाकतानाच व्याज धरून टाकतो, टक्केवारी द्यावी लागत असेल तर तीही त्यातच धरतो, आणि जो खरोखर नीट काम करणारा आहे तो हळूहळू अशा महापालिकेचं टेंडर भरायचंच सोडून देतो.