लिबेटच्या प्रयोगानं इच्छास्वातंत्र्य खोटं ठरवलं का?

सांगलीत कृष्णेच्या घाटावर गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच, "माणसाच्या हातात काही नाही, विज्ञानानं सिद्ध केलंय." तसं सिद्ध झालेलं नाही. आधार दिला जातो अमेरिकी मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा. हात हलवायची इच्छा जाणवण्याआधी सरासरी सुमारे ३५० मिलिसेकंद मेंदूत विद्युत हालचाल दिसली होती. पण ती हालचाल म्हणजेच मेंदूनं आधीच घेतलेला निर्णय, हे गृहीतक होतं. २०१२ मध्ये मेंदूसंशोधक आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंदूतल्या आपोआपच्या चढउतारांतूनही तसाच आलेख निघू शकतो. लिबेट स्वतः तर इच्छा ऐनवेळी रोखता येते असं मानत! शिवाय विनाकारण हात हलवणं वेगळं. हळद सौद्यात काढायची की साठवून ठेवायची, यावर घरात महिनाभर चाललेला खल वेगळा. त्या खलाबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.