मदतनिधीसाठी वस्तुविक्री

सामाजिक संस्थेने आपल्या कामाला पैसा उभा करण्यासाठी शुभेच्छापत्रे, दिनदर्शिका, पणत्या, कापडी पिशव्या, टी-शर्ट अशा वस्तू विकण्याची पद्धत. युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र 1949 सालचे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोव्हाकियातील 7 वर्षांच्या यित्का सामकोवाने काढलेले चित्र त्यावर छापले होते. भारतात रिपन कपूर आणि त्यांच्या 6 मित्रांनी 1979 मध्ये मुंबईत 50 रुपयांवर मुलांसाठी काम करणारी ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. पुढे कित्येक घरांना ती तिच्या शुभेच्छापत्रांमुळेच माहीत झाली.

छोट्या संस्थेला या पैशाचे मोल वेगळेच असते. मोठी देणगी बहुधा ठरावीक प्रकल्पासाठी येते. त्यातून जागेचे भाडे, विजेचे बिल किंवा कार्यकर्त्याचे मानधन देता येत नाही. विक्रीतली शिल्लक मात्र जिथे नड असेल तिथे वापरता येते.

ही शिल्लक वाटते त्यापेक्षा कमी असते. समजा, 60 रुपये छपाईखर्चाच्या 500 दिनदर्शिका काढल्या आणि किंमत 120 रुपये ठेवली. पहिल्या 250 विकल्या जाईपर्यंत फक्त छपाईचे 30,000 रुपये वसूल होतात. शंभर पडून राहिल्या तर हाती 18,000 उरतात. त्यातून वाहतूक आणि स्टॉलचे भाडे जायचेच. जानेवारी उलटला की उरलेल्या गठ्ठ्याची रद्दी होते. म्हणून दिवाळीआधीच कंपन्यांकडून आगाऊ मागणी घेऊन तेवढाच माल काढणे शहाणपणाचे. पिशव्या आणि मेणबत्त्या पुढच्या वर्षीही खपतात.

वस्तू लाभार्थींनीच बनवलेल्या असतील तर हिशेब निराळा. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याजवळील आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या हातच्या वस्तू विकल्या जातात. तिथे विक्री म्हणजे रोजगार आणि समाजाने नाकारलेल्या हातांची कदरही. अशा वस्तूची किंमत ठरवताना आधी करणाऱ्याची मजुरी धरावी, नफा त्यानंतर. निव्वळ दयेपोटी घेतलेली वस्तू गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही, त्यामुळे शिवण पक्की आणि रंग न जाणारा हवा.

खरेदीदाराला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळत असल्याने ही रक्कम देणगी ठरत नाही आणि तिच्यावर देणगीची करसवलत मिळत नाही. संस्थेलाही या विक्रीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात.