गाडीखाली ऑइल पडतंय? गिअरबॉक्स उघडण्याआधी एवढं वाचा

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, स्टँडर्ड हेराल्ड अशा जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्या आमच्या गॅरेजला येतात, तेव्हा मालकांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "गिअरबॉक्स गळतोय." कधी खरंच गळत असतो. पण पळत्या गाडीखालून वारा मागे जातो आणि रॉकर कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) झिरपलेलं ऑइलसुद्धा गिअरबॉक्सच्या तळाशी येऊन थेंब धरतं.

आम्हीही एकदा फसलो आहोत. जालन्याहून लाल एमजीबी आली होती, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) टपटप चालू. एमजीबीत क्लचपर्यंत पोचायचं तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. काढलं, पुढचं-मागचं सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) बदललं, गाडी दिली. आठ दिवसांत गाडी परत दारात, डाग तोच. दोष निघाला इंजिनच्या कडेला, मॅनिफोल्डखाली दडलेल्या छोट्या पत्र्याच्या झाकणाच्या पॅकिंगमध्ये! मजुरी अर्थातच परत केली. तेव्हापासून दोन दिवस तपासल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नाही.

घरी काय बघाल

रात्री गाडी सपाट जागी लावा, कारण उतारावर थेंब भलतीकडेच पडतो. खाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा आणि चारही चाकांच्या दिशा त्यावर लिहून ठेवा. सकाळी डाग बोटावर घ्या. इंजिनचं ऑइल वापरून काळं पडतं. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, म्हणून तिथलं बऱ्यापैकी सोनेरी राहतं. स्पिटफायरमध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल असतं, त्याचा गंधकासारखा उग्र वास लगेच ओळखू येतो. एमजीबीत वासाचा उपयोग नाही, कारण तिच्या गिअरबॉक्सलाही इंजिनचंच 20डब्ल्यू50 चालतं. तिथे रंगावरच जायचं. डाग पाण्यासारखा पातळ असेल तर ते ब्रेक ऑइल समजा (क्लचलाही तेच असतं) आणि क्लचचा खालचा सिलेंडर दाखवून घ्या. ते गाडीच्या रंगाला लागू देऊ नका, रंग उचलतं.

आता एमजीबीच्या बेलहाउसिंगच्या तळाशी बघा. एक भोक आहे, त्यात स्प्लिट पिन (दुपाखी तारेची खीळ) लोंबकळतेय. ती कुणी विसरलेली नाही. गाडीच्या थरथरीने ती हलत राहते आणि भोक बुजत नाही. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल एकदा वाळला की सिमेंटच. भोक बुजलं की आत साठलेलं ऑइल क्लच प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. पिन चिमटीत धरून हलवा, मोकळी असली पाहिजे. तिच्या टोकाला थेंब दिसला, तर संशय हाउसिंगच्या आत: इंजिनचा मागचा भाग किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील. 1962 ते 1964 च्या तीन बेअरिंगच्या एमजीबीत इंजिनच्या मागे रबरी सील नव्हतंच, ऑइल परत इंजिनात ढकलणारे आटे होते. त्या गाडीचा एखादा थेंब स्वभाव म्हणून सोडून द्यावा, असं आमचं मत.

पिन कोरडी असेल तर सुटलात, बाकीची ठिकाणं बाहेरूनच सापडतात. गिअरबॉक्सच्या शेपटाचं सील गेलं की प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) ऑइल गोल भिरकावतो आणि वरच्या पत्र्यावर पट्टा उमटतो. स्पीडोमीटर केबलच्या जोडातूनही झिरपतं. ड्रेन प्लगचा वॉशर बघा. पण सगळ्यात आधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) साफ करा. मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात गिअरबॉक्स तापला आणि ब्रीदर बंद असला, की आतला दाब धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर काढतो. लेव्हलपेक्षा जास्त भरलं तरी तोच प्रकार.

आमच्याकडे काय होतं

खालचा भाग रॉकेलने धुऊन कोरडा करतो, टाल्कम पावडर मारतो आणि दौलताबादच्या घाटापर्यंत चक्कर मारून गाडी वर उचलतो. पांढऱ्यावर काळी रेघ उठते. ती खालून वर वाचत जायची, जिथे सुरू होते तिथे गळती. (एका गृहस्थांनी घरी रांगोळी वापरली होती. ती दगडाची भुकटी आहे, सीलमध्ये गेली तर पॉलिश पेपरसारखी घासते.) तरीही शंका राहिली, तर फक्त गिअरबॉक्समध्ये चमकणारा रंग टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतो.

सील बदलताना शाफ्टवर नख फिरवतो. नख अडकलं म्हणजे जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली आहे. तिथेच नवं सील बसवलं तर पुन्हा गळणार. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवतो किंवा जागा असेल तर सील जरा पुढे-मागे बसवतो. हा खर्च आधी फोनवर विचारूनच करतो. आणि कुणी हौसेने जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल भरायला सांगितलं तर थांबा, त्यातली काही ऑइलं गिअर सहज पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात.

येण्याआधी गाडी खालून धुऊन आणू नका, सगळा पुरावा जातो. पुठ्ठा मात्र डिकीत टाकून आणा.