मावशीचा आरशातला चेहरा

अमळनेरला मावशीचं चित्र काढलं. तीन दुपारी ती पदर सावरून ओट्यावर बसून राहिली. चित्र पूर्ण झाल्यावर बराच वेळ बघत म्हणाली, "हाई मी नही शे, भाऊ." शेजारणी मात्र दारातूनच ओरडल्या, "अगदी जिजीच!"

मी चित्र आरशासमोर धरलं. मावशीचा चेहरा खुलला. "हां, आते मीच दिखस!"

हसताना तिच्या ओठांचा डावा कोपरा जरासा वर जातो. आरशात तो तिला डावीकडेच दिसतो, चित्रात बघणाऱ्याच्या उजवीकडे येतो. जन्मभर तिने पाहिलेला चेहरा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही! अमेरिकेत १९७७ साली मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी काही तरुणींना त्यांचाच फोटो सुलटा आणि आरशासारखा उलटवून दाखवला. त्यांचा कल उलटवलेल्याकडे होता, मैत्रिणींचा सुलट्याकडे. जे वारंवार नजरेखालून जातं, तेच आवडू लागतं.

ओळखीचा चेहरा रंगवणं मला अनोळखी चेहऱ्यापेक्षा फार अवघड वाटतं. अनोळखी माणूस आपण बरंचसं केसांवरून, चेहऱ्याच्या ठेवणीवरून लक्षात ठेवतो. ओळखीचा माणूस मात्र डोळे, नाक, ओठ या मधल्या भागावरून ओळखतो. म्हणून मावशीचे केस आणि पदर अर्ध्या तासात उरकले आणि उरलेला सगळा वेळ डोळ्यांवर गेला. तिची वरची पापणी जड आहे. बुबुळातला पांढरा ठिपका केसभर खाली सरकला आणि समोर कुणी भलतीच बाई बसली. दोनदा पुसून तो परत ठेवला, तेव्हा कुठे मावशी आली.

चेहरा पाहताच मेंदूच्या तळाशी, कानाच्या साधारण मागच्या बाजूला असलेला एक भाग विशेष जागा होतो. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून तो दाखवला. मेंदू चेहरा सुटा सुटा न वाचता एकसंध वाचतो. चेहरा डोकं खाली, हनुवटी वर असा उलटा केला की ही हातोटी ढासळते. हात अडला की मी फोटो उलटा धरतो तो याचसाठी. मग समोर मावशी उरत नाही, नुसत्या रेषा आणि सावल्या उरतात, आणि हात डोळ्यांना दिसतं तेच काढतो. ती ओळखीची असल्यामुळे माझा मेंदू एरवी आठवणीतूनच मावशी काढू बघतो. नवशिके डोळे फार वर काढतात तेही असंच. डोळे खरं तर डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, पण कपाळाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मावशीने चित्र आरशाच्या कपाटासमोरच्या भिंतीवर लावून घेतलंय. आम्ही भिंतीकडे बघतो, ती कपाटाकडे.