साडेबारा टक्क्यांमागचा हिशेब

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि धावपट्टीच्या जागी कोणती गावे होती याची चर्चा पुन्हा काही दिवस रंगली. विमानतळाचे नाव, गावठाणालगतची घरे कायम करणे, वारसांच्या रखडलेल्या फायली हे विषय बातम्यांत सुटे सुटे येतात. तिन्हींची मुळे एकाच व्यवहारात आहेत. नव्या शहरासाठी जमीन कोणत्या भावाने गेली आणि तिच्या बदल्यात ‘साडेबारा टक्के’ म्हणून परत काय आले, तो हा व्यवहार. मुंबईच्या जुळ्या शहराची कल्पना कोणाची, आराखडा कोणी काढला, खाडीपूल कधी झाला, हे इथल्या वाचकाला पाठ आहे, म्हणून ते वगळतो.

बेलापूर ते उरणची ही पट्टी भाताची, मिठागरांची आणि खाडीच्या मासळीची. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली शेते, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या खोताचा नाहीतर सावकाराचा हक्क. शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीला, शेतकऱ्यांनी 1930 च्या दशकात काही वर्षे जमिनी कसायच्याच सोडल्या होत्या, तो संप याच समाजाच्या आठवणीतला. पुढे 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक मानले. अनेक घरांत सात-बाऱ्यावर आपले नाव पहिल्यांदा चढले ते त्यानंतर. फेब्रुवारी 1970 मध्ये नव्या शहरासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. दोन्ही तारखांमध्ये जेमतेम तेरा वर्षांचे अंतर आहे. आमच्याकडच्या जमीन आंदोलनांवर पुष्कळ लिहिले गेले, पण हे अंतर क्वचितच कोणी मोजते. ज्याच्या आजोबाने नाव लावून घ्यायला तहसिलीत खेटे घातले, त्याच्याच बापाला ते नाव पुसले जाताना पाहावे लागले.

संपादन झाले ते 1894 च्या भूसंपादन कायद्याने. त्यातली एक तरतूद समजल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. जमिनीचा भाव ठरायचा तो कलम 4 ची, म्हणजे संपादनाचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाल्याच्या दिवशीचा. मोबदला ठरवणारा निवाडा पाच वर्षांनी होवो की पंधरा वर्षांनी, बाजारभाव त्या दिवसाचाच धरायचा. म्हणजे अधिसूचना निघाली की भाव गोठला आणि शेतकऱ्याचे हात बांधले गेले. सरकारला मात्र निवाडा करण्याची घाई राहिली नाही. दरम्यान 1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. त्या दुरुस्तीमागचा हेतू जमीनदारीच्या विरोधातला होता असे सांगतात. बेलापूर पट्टीत तिची झळ दीड-दोन एकरवाल्याला लागली.

जानेवारी 1984 मधले उरणचे, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीचे आंदोलन आणि 16 व 17 तारखेचा पोलिसांचा गोळीबार यांविषयी वेगळे सांगायला नको. पाच जण गेले. हुतात्म्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते आणि त्या मंचावर सगळ्या पक्षांचे लोक बसतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने 1894 चा कायदा सुधारला. दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी भर, 15 वरून 30 टक्के झाली, अधिसूचनेनंतरच्या काळासाठी वार्षिक 12 टक्के जादा रक्कम आली आणि निवाड्याला दोन वर्षांची मुदत पडली. काही जण ही दुरुस्ती उरणच्या रक्ताची कमाई मानतात. ती देशभरासाठी होती आणि तिची तयारी आधीपासून सुरू होती, त्यामुळे मला तो दावा ताणलेला वाटतो. उरणचे खरे फळ वेगळे होते, आणि ते हाती यायला आणखी सहा वर्षे गेली.

ते फळ म्हणजे साडेबारा टक्के. 1990 चा शासन निर्णय आणि 1994 चा सुधारित निर्णय यांनी ठरवले की जितकी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला भाडेपट्ट्याने परत द्यायचा. दोन्ही निर्णय विधानसभा निवडणुकांच्या आगेमागे आले, एवढीच नोंद करतो. गेलेल्या जमिनीच्या मालकाला नव्या शहराच्या वाढीत वाटा देण्याचे हे धोरण देशात नावाजले गेले. कागदावर ते नावाजण्यासारखे आहेही.

आता गुंठ्यांत मांडू. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के कापून घेतात. म्हणजे मिळकत झाली पावणेनऊ टक्के. हातात आले साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे 354 चौरस मीटर. साडेबाराची घोषणा झाली तरी पावणेनऊच दिले जातात, आणि तरीही कोणी आपल्या योजनेला पावणेनऊ टक्क्यांची योजना म्हणत नाही, शेतकरीसुद्धा नाही. शाळा, बाग, दवाखाना यांसाठी जमीन लागते हे मान्य. पण उरलेले साडेसत्त्याऐंशी टक्के शहर वसवणाऱ्या ज्या सिडको महामंडळाकडे गेले, त्याने ती जमीन आपल्या वाट्यातून का सोडू नये, हा प्रश्न पहिल्यापासून विचारला गेला आणि त्याला समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. शहराच्या सोयींचा खर्च शहरासाठी उठवलेल्या माणसाच्या भरपाईतून वळता केला, असाच त्याचा अर्थ होतो.

पुढचा गुंता वारसांचा. निवाडा आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, मागे चार मुलगे आणि दोन मुली. 354 चे सहा वाटे केले तर प्रत्येकी 59 चौरस मीटर. तेही वारस दाखला निघाला, पात्रता ठरली, इरादापत्र आले आणि सोडतीत भूखंड लागला तर. भूखंड स्वतःच्या गावात मिळेल याची खात्री नाही. उरणकडे काही भूखंड खारफुटीच्या कचाट्यात सापडले. इतका काळ अंगावर काढणे शेती गेलेल्या घराला झेपत नाही. मग बिल्डर येतो, वारसांना उचल देतो, वकील देतो, फाईल हलवतो आणि महामंडळ, मूळ मालक व बिल्डर असा त्रिपक्षीय करार होऊन भूखंड त्याच्या नावे होतो. दीड चटईक्षेत्राने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकामाने, उभ्या राहिलेल्या इमारतीत मूळ मालकाला दोन-तीन फ्लॅट सुटतात, कधी तेवढेही नाहीत. त्या पैशाची गाडी घेतली, लग्नात उडवले, अशी टवाळी शहरात नव्याने आलेले लोक करतात. नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांमधून ती मी भरपूर ऐकली आहे. ती करणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरे अशाच भूखंडांवर उभी आहेत.

या हिशेबात बहिणींचे पान वेगळे. 22 जून 1994 पासून राज्याच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, मात्र ज्यांचे लग्न त्याआधी झाले होते त्यांना वगळून. म्हणजे ज्या वर्षी साडेबारा टक्क्यांचा सुधारित निर्णय झाला, त्याच वर्षी हा कायदा आला. त्यातले वगळणे 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने गेले. गावात मात्र हक्कसोडपत्र चालूच राहिले. भूखंडाची फाईल पुढे सरकायची तर बहिणीची सही हवी, आणि सही दिली नाही तर माहेर तुटणार. सरकारकडून अन्याय झाल्याचे जे घर तावातावाने सांगते, तेच घर आत काय करते, हे आंदोलनाच्या भाषणांत येत नाही. मिठागरावरचे मजूर, खाडीवर जगणारे कोळी, डोंगरावरचे कातकरी यांची नावे निवाड्यात नव्हतीच, कारण मोबदला मालकीला होता, रोजीरोटीला नव्हता.

टक्के मिळेपर्यंत घरे थांबत नाहीत. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली, आणि संपादित पण मोकळ्या पडलेल्या जमिनीवर, पुष्कळदा स्वतःच्याच जुन्या शेतावर, लोकांनी घरे बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग तिथला. गरज कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला हे ठरवणे सोपे नाही, कारण खालच्या मजल्यावर गरज राहते आणि वरच्या चार मजल्यांवर भाडेकरू. अशी घरे कायम करण्यासाठी आधी गावठाणापासून 200 मीटरची रेषा होती, 2022 च्या शासन निर्णयात ती 250 मीटर झाली, सप्टेंबर 2024 मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, आणखी एक निर्णय झाला. मधल्या काळात, 2015 मध्ये, दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा झळ बसली ती आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेणाऱ्यांना. बांधताना डोळेझाक करणारे तोपर्यंत बदलून गेले होते.

विमानतळासाठी मात्र गणित एकदम बदलले. रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन असे पॅकेज 2014 मध्ये आले. उलव्याची टेकडी सपाट करायची होती, नदी वळवायची होती, दहा गावे हलवायची होती आणि काम आधीच वर्षानुवर्षे रेंगाळले होते. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याचा दबाव होता हे खरे. पण त्याहून मोठे कारण मला असे दिसते की या वेळी घाई सरकारला होती. 1970 मध्ये घाई शेतकऱ्याला होती, कारण त्याचे पोट त्या जमिनीवर होते. आधीच्या साडेबारा टक्केवाल्यांना वाढीव टक्का मागे जाऊन लागू झाला नाही. न्याय तोच असता तर तो लागू व्हायला हवा होता.

पनवेलच्या ‘नैना’ क्षेत्रात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या अधिसूचित पट्ट्यात, आता संपादन टाळून नगररचना योजना राबवल्या जातात. त्यात मालकाला 40 टक्के जमीन परत मिळते आणि 60 टक्के नियोजनाकडे जाते. साडेबारावरून चाळीसवर आलो तरी तिथले शेतकरी विरोधात उभे आहेत. त्यापलीकडे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावे मिळून आणखी एक नवे शहर 2024 मध्ये अधिसूचित झाले आहे. तिथल्या ग्रामसभांत पहिला प्रश्न टक्क्याचा नसतो. सात-बाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, बहिणींची घातली का, आणि आजोबांच्या नावाचा फेरफार झाला का, हे आधी तपासले जाते.