सोऱ्याचा उकिरडा आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध

जुन्या मातीच्या भिंतीला, विशेषतः गोठ्याच्या भिंतीला, खालून वर पांढरा लोणा चढतो. बोटाने खरवडला तर भुकटी हाती येते आणि जिभेला गार, खारट लागते. त्या भुकटीत बहुतेक वेळा थोडाफार सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. 1775 साली उत्तर अमेरिकेतल्या 13 ब्रिटिश वसाहती याच भुकटीसाठी तळघरे, गोठे आणि तंबाखूच्या वखारींची जमीन खणत होत्या.

बंदुकीच्या दारूत वजनाने साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतो. कोळसा आणि गंधक हे जळण. सोरा त्यांना प्राणवायू पुरवतो, म्हणून बंद नळीतही दारू पेटते. वसाहतींत जंगल अमाप होते, त्यामुळे कोळशाची चिंता नव्हती, आणि गंधक लागायचा तो थोडाच. अडचण उरलेल्या तीन चतुर्थांशाची होती. तयार दारू इंग्लंडहून यायची, पण ऑक्टोबर 1774 मध्ये राजाच्या हुकुमाने तिची निर्यात थांबली. एप्रिल 1775 मध्ये ब्रिटिश सैन्य मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावावर चालून गेले, तेही तिथला शस्त्रसाठा आणि दारू ताब्यात घ्यायला.

जूनमध्ये बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत दोन हल्ले परतवल्यावर वसाहतवाल्यांची दारू संपली आणि तिसऱ्या हल्ल्यात टेकडी गेली. पुढे 3 ऑगस्टला बोस्टनजवळच्याच केंब्रिजच्या छावणीत खरा हिशेब झाला. मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात 300च्या वर पिंपे आहेत अशी समजूत होती. तो मुळात गोळा केलेल्या दारूचा आकडा होता, त्यातून खर्च वजाच केला नव्हता. प्रत्यक्षात 36 पिंपे निघाली. माणशी जेमतेम नऊ काडतुसे भरतील एवढीच दारू सैन्यापाशी होती. हे ऐकून सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत, असे जनरल जॉन सलिव्हन यांनी पत्रात लिहिले आहे. तोफांची भूक तर याहून कितीतरी मोठी. 24 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या तोफेच्या एका पूर्ण बाराला गोळ्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 8 पौंड दारू लागे. तेवढ्यात सव्वातीनशेच्या वर काडतुसे होतात.

इंग्लंडला हा प्रश्न पडत नव्हता, कारण त्याचा सोरा बिहारमधून येत होता. प्लासीनंतर, 1758 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने तिथल्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. गंगेकाठी दाट वस्ती, भरपूर गुरे, गोमूत्र आणि राख मुरलेली गाळाची माती, उष्ण हवा. पावसानंतर जमीन सुकू लागली की खालचे क्षार पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उडून जाते आणि पृष्ठभागावर पांढरा थर उरतो. नोनिया लोक तो खरवडून घेत आणि शुद्ध करत. ऊन, पाऊस आणि जमीन निम्मे काम करून देत होती. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत ते सगळे हाताने करावे लागणार होते.

1775च्या उन्हाळ्यात काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, सोरा करण्याच्या पद्धतींची पुस्तिका छापली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. बेंजामिन रश यांचीही माहिती होती. देशात तयार झालेल्या सोऱ्याला पौंडामागे अर्धा डॉलर भाव जाहीर झाला. सोऱ्याचे वाफे लावायची रीत युरोपात जुनीच होती: शेण, मूत, कुजका पाला, माती, जुन्या गिलाव्याचा चुना आणि राख यांचा सैलसर ढीग छपराखाली रचायचा, वरून मूत शिंपडत राहायचे आणि काही आठवड्यांनी उलथापालथ करायची. साधा उकिरडा असतो तसेच हे, पण त्यावर पावसाचा थेंब पडू द्यायचा नाही, कारण नायट्रेट पाण्यात लगेच विरघळते आणि वाहून जाते.

ढिगात नेमके काय घडते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. हे काम जिवाणूंचे आहे हे 1877 मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाले. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्रेट. दोघांनाही हवा लागते. ढीग दाबून बसला किंवा पाणी साचले, की वेगळेच जिवाणू माजतात आणि तयार नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडून देतात. वर्षाची मेहनत अशी न दिसता उडून जाते. नायट्रेट बनताना आम्लही तयार होते. ते मारायला चुना नसेल तर काम मंदावते. गारठ्यात तर ते जवळजवळ थांबतेच. म्हणून नव्या ढिगाला पीक यायला वर्ष-दीड वर्ष तरी लागे, आणि सैन्याला दारू या महिन्यात हवी होती. मला या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कृती छापून मिळाली, भाव मिळाला, लोक उत्साहाने कामाला लागले, पण जिवाणूंची गती कोणाला वाढवता आली नाही. म्हणूनच भर होता जुन्या गोठ्यांच्या आणि तळघरांच्या मातीवर, कारण तिथे हे काम कित्येक वर्षे आपोआप चालले होते.

खणलेली माती तळाला भोक असलेल्या पिंपात भरत. आधी तळाशी पेंढा, मग माती, तीही न ठासता, नाहीतर पाणी उतरत नाही. पाणी ओतून काही तास मुरू द्यायचे आणि मग ठिबकू द्यायचे. तेच पाणी नव्या मातीतून पुन्हा पुन्हा काढले की दाट होते. या पाण्यात सोरा कमी आणि कॅल्शियम नायट्रेट जास्त असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून दारूला निरुपयोगी. इथे लाकडाच्या राखेचे पाणी कामी येते. त्यातले पोटॅशियम कार्बोनेट मिसळले की चुना पांढरा साका होऊन तळाला बसतो आणि पाण्यात पोटॅशियम नायट्रेट राहते. गढूळपणा येणे थांबेपर्यंत राखेचे पाणी घालत राहायचे. हात आखडला तर सोरा दमट राहतो आणि त्याची दारू ऐन वेळी फुसकी निघते.

राखेचे हेच पाणी घरोघरी साबणाला लागायचे. अबिगेल ॲडम्स यांनी 31 मार्च 1776 रोजी काँग्रेसचे प्रतिनिधी असलेले पती जॉन यांना लिहिलेले पत्र स्त्रियांच्या हक्कांच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात त्या कळवतात, की सोरा अजून करून पाहिला नाही, पण साबण करून झाला की तो प्रयोग करीन. तोफ, बंदूक आणि पिस्तूल यांच्या दारूची वेगवेगळी प्रमाणे सांगणारे एक लहानसे हस्तलिखित नुकतेच पाहिल्याचेही त्यांनी लिहिले आहे.

आता मीठ वेगळे करायचे, कारण मुतातून आणि मातीतून साधे मीठही बरेच येते. 100 ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे 245 ग्रॅम सोरा मावतो, 20 अंश सेल्सिअसला फक्त 32 ग्रॅम. मीठ मात्र उकळत्या पाण्यात 39 ग्रॅम आणि गार पाण्यात 36, म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्यामुळे कढई आटत जाते तसे मीठ आधी तळाला पडते, ते झाऱ्याने काढायचे. वरचा फेसही काढत राहायचा. थेंब थंड लोखंडावर टाकल्यावर गोठला की कढई उतरवायची आणि हळूहळू निववायची. सोऱ्याच्या लांब सुया जमतात, मिठाचा बराचसा भाग पाण्यात राहतो. हे दोनतीनदा केल्याशिवाय सोरा दारूच्या लायकीचा होत नाही. परीक्षा सोपी आहे. चिमूटभर निखाऱ्यावर टाकली की चांगला सोरा भरकन पेट घेतो, मीठ असेल तर तडतडते.

सोरा हाती आला तरी गिरणी हवी. मोठी गिरणी फिलाडेल्फियाजवळ फ्रँकफर्डला होती. बोस्टनचे चांदीकार पॉल रिव्हिअर 1775 च्या नोव्हेंबरात ती पाहून आले. 1776 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हर आणि कँटन इथे नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. तिन्ही जिन्नस ओलसर ठेवून तासन्‌तास कुटायचे, वडी दाबायची, फोडायची आणि चाळायची. दाणे कशासाठी? नुसती भुकटी ठासून बसते आणि ज्योतीला आत शिरायला वाट राहत नाही. दाण्यांच्या फटींतून ती क्षणात सगळीकडे पोचते. तोफेला भरड दाणा, पिस्तुलाला बारीक.

एवढी धडपड करून पदरात काय पडले? 1777 अखेरपर्यंत वसाहतींच्या हाती आलेली एकूण दारू सुमारे 23 लाख 47 हजार पौंड धरतात. त्यात सुरुवातीचा साठा 80,000 पौंड, आणि देशी सोऱ्याची दारू 1,15,000 पौंड, म्हणजे 20 पौंडांत जेमतेम एक पौंड. आयात सोऱ्यापासून वसाहतींत बनवलेली दारू सुमारे 7 लाख पौंड होती आणि तयारच आलेली साडेचौदा लाखांच्या आसपास. ती कॅरिबियनमधल्या डच सिंट युस्टेशियस बेटावरून चोरट्या मार्गाने आली, ऑगस्ट 1775 मध्ये बर्म्युडाच्या कोठारातून रातोरात उचलली गेली, आणि सर्वांत मोठा वाटा फ्रान्सने दिला. ब्रिटनशी झालेल्या सप्तवार्षिक युद्धात (1756–63) बिहारचा सोरा हातचा गेल्यावर फ्रान्सने धडा घेतला होता. 1775 मध्ये तिथल्या दारूखात्याचा कारभार रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्वाझिए यांच्याकडे आला आणि उत्पादन वाढले.

त्याच लाव्वाझिए यांच्या हाताखाली शिकलेल्या एल्यूतेर इरेने द्यु पों यांनी 1802 मध्ये डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीवर गिरणी सुरू केली. नव्या प्रजासत्ताकाची व्यापारी जहाजे तोवर कोलकात्याला ये-जा करत होती आणि बिहारचा सोरा घेऊन परतत होती. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या 1812 च्या युद्धात ब्रिटिश आरमाराने ही वाट बंद केली. तेव्हा केंटकीतल्या मॅमथ गुहेची कोरडी माती कामी आली. सुमारे 70 गुलाम माणसे गुहेत माती खणत, लाकडी हौदांत भरत आणि पोकळ खोडांच्या नळांनी आलेले पाणी तिच्यातून काढत. गुहेत मिळायचे तेही कॅल्शियम नायट्रेटच, म्हणून बाहेर पुन्हा राखेचे पाणी लागेच. 1815 मध्ये शांतता झाली, कोलकात्याचा सोरा पुन्हा स्वस्त मिळू लागला आणि गुहेतले काम बंद पडले. ते हौद आणि खोडांचे नळ आजही तिथे आहेत.